बाळाचे डोळे आणि ‘महिन्याने या’ म्हणणारी खिडकी

माझा डावा डोळा कृत्रिम आहे. मी वर्षाचीही नव्हते तेव्हा दोन्ही डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा निघाला, म्हणजे पडद्याचा कॅन्सर. डावा काढावा लागला, उजवा उपचारांनी वाचला. दोन्ही डोळ्यांत झालेला हा आजार आनुवंशिकच धरतात आणि दोष मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते, हे मला लग्नाआधीपासून पाठ होतं. म्हणून गरोदरपणातच माझ्या रक्तातल्या आरबी१ जनुकाची, म्हणजे ज्यातल्या बिघाडाने हा आजार होतो त्याची, तपासणी केली. बिघाड नेमका कुठे आहे ते सापडलं. बाळंतपण नीट झालं. मुलगी, पूर्ण दिवसांची, वजन २ किलो ९०० ग्रॅम.

हे वजनच नडलं.

सासूबाईंचं ‘सव्वा महिना बाळंतीण उंबऱ्याबाहेर नको’ घरी कसंबसं मिटवून आम्ही नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीशी उभे राहिलो. टाके ओढत होते. आतल्या बाईंनी छापील फॉर्म सरकवला: जन्माचं वजन, किती आठवडे, ऑक्सिजनवर किती दिवस. आईवडिलांच्या आजाराला रकानाच नाही! तो फॉर्म आरओपीचा, म्हणजे कमी दिवसांच्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या आजाराचा. ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा २ किलोपेक्षा हलकं बाळ असेल तर महिनाभरात पडदा तपासतात, तो. बाईंच्या लेखी तान्ह्या बाळाचे डोळे तपासायचं दुसरं कारणच नव्हतं.

“ताई, बाळ त चांगलं गुटगुटीत आहे. काहून घाई करून राहिल्या? महिन्याने या.”

मी आजाराचं नाव सांगितलं, जुनी फाइल उघडून दाखवली.

“डोळ्यात पांढरं दिसते का?”

“नाही.”

“मंग?”

या ‘मंग’चा राग अजून उतरलेला नाही. बुबुळात पांढरी झाक दिसते तोवर गाठ बऱ्याचदा मोठी झालेली असते. माझ्या आईला ती फोटोत दिसली होती. त्याआधी बारीक असताना सापडली तर लेझरने जाळता येते, गोठवता येते, डोळाही राहतो आणि नजरही. पांढरं दिसायची वाटच बघायची, तर तपासणी कशाला? एवढं बोलेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली आणि खिडकी बंद. बाकावरचे एक काका म्हणाले, आमदाराची चिठ्ठी आणा.

काम चिठ्ठीनेच झालं, पण बालरोगतज्ज्ञांच्या. पहिल्या चिठ्ठीत त्यांनी नुसतं ‘डोळे तपासावेत’ लिहिलं होतं. फोन केल्यावर दुसरी पाठवली: आईला दोन्ही डोळ्यांचा रेटिनोब्लास्टोमा, जनुकातला बिघाड सिद्ध, पहिल्याच आठवड्यात बाहुली मोठी करून पूर्ण पडदा पाहावा. एका सिस्टरने ती वाचली, फॉर्मवर टाचली आणि थेट आत नेली. डॉक्टरांनी लगेच बोलावलं. तेव्हा तुमच्या चिठ्ठीत आजाराचं नाव पूर्ण लिहून घ्या. बाळंतपणाच्या वॉर्डात डोळ्यावर प्रकाश टाकून ‘ठीक आहे’ म्हणतात, त्यावरही थांबू नका. कडेची लहान गाठ त्यात दिसत नाही.

तपासणी पटकन होते. थेंब घालतात, दुपट्यात घट्ट गुंडाळतात, पापण्या चिमट्याने उघड्या धरतात. बाळ किंचाळतं, आईने बाहेर थांबलेलं बरं. मी थांबले नाही.

तेव्हा पडदा स्वच्छ होता. मात्र नाळेतल्या रक्ताच्या तपासणीत माझाच बिघाड तिच्यातही निघाला. नसता निघाला तर फेऱ्या तिथेच संपल्या असत्या. आता काही आठवड्यांनी पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि दोन महिन्यांची झाल्यापासून भूल देऊन. अशाच एका फेरीत उजव्या डोळ्यात बारीक गाठ दिसली, लेझर केलं. पांढरं तेव्हाही काही दिसत नव्हतं, बाई.

थेंबांच्या आधी तासभर दूध नको, उलटी होते. काजळ तर नकोच, आजी कितीही म्हणोत. आणि नाळेच्या रक्ताचं प्रसूतीच्या डॉक्टरांना आधीच लिहून द्या, ऐन वेळी कोणाच्या लक्षात राहत नाही.