आमची वाटचाल: ठोकळे, चित्रं आणि एक रिपोर्ट

आम्ही दोघी मैत्रिणी आधी केजीच्या टीचर होतो. वर्गात एक गोष्ट सारखी दिसायची, ॲडमिशनच्या वेळी शंभरपर्यंत आकडे धडाधड म्हणून दाखवणारं मूल “पाच खडू आण बघू” म्हटलं की मूठभर खडू घेऊन यायचं, आणि ज्याने ॲडमिशनला तोंडसुद्धा उघडलं नाही ते गुपचूप बरोब्बर पाच आणून ठेवायचं. मग ॲडमिशनच्या वेळी आपण बघतो तरी काय, हा प्रश्न काही सुटेना, आणि त्यातूनच हे काम सुरू झालं. केजीत जाण्याआधी मुलाची शिकण्याची तयारी कितपत आहे ते बघायचं आणि आईबाबांना आणि टीचरला नीट सांगायचं, एवढाच आमचा व्यवसाय आहे.

सुरुवातीला लोकांना वाटायचं आम्ही इंटरव्ह्यूची तयारी करून घेतो. फोन यायचे, “मॅडम, महिनाभरात तयार होईल ना?” त्या क्लासमध्ये पैसा होता हे खरं, पण आम्ही तो घेतला नाही. जो तपासतो त्यानेच पेपर फोडून शिकवायला बसायचं म्हणजे मग तपासण्यात अर्थ काय राहिला? पाठ केलेलं उत्तर ऐकून मुलाला काय येतं ते कळतच नाही. त्यामुळे पहिला काही काळ अगदी ओढाताणीचा गेला, दोघींनी शिकवण्या घेऊन खर्च भागवला.

वर्कशीट आम्ही लवकरच बाजूला ठेवली आणि खेळांवर आलो. आता टेबलावर ठोकळे असतात, चित्रं, जाड खडू आणि एक बाहुली. (ठोकळ्यांचं श्रेय आमचं नाही, १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी अशी पहिली शाळा काढणाऱ्या फ्रोबेलनेही लाकडी ठोकळेच हाताशी घेतले होते.) आकड्यांसाठी एकच साधा खेळ, “बाहुलीला तीन ठोकळे दे.” यातून फार काही कळतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागचे नियम मांडले, एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण किती, वगैरे. मुलाला आकडे म्हणता येतात पण हा शेवटचा नियम कळलेला नसतो, मग मोजून झाल्यावर “एकूण किती?” विचारलं की ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. आधी एक कळतो, मग काही महिन्यांनी दोन, मग तीन, आणि साधारण तीन-चारच्या पुढे गेलं की एकदम सगळी मोजणीच उलगडते. म्हणून “शंभरपर्यंत येतं” हे वाक्य आम्ही आनंदाने ऐकतो आणि ठोकळे पुढे सरकवतो.

भाषेत अक्षरं किती ओळखतो हे बघतोच, पण आवाजांकडे जास्त लक्ष देतो, ‘कप’ आणि ‘कमळ’ सुरुवातीला सारखे वाटतात का, टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे करता येतात का. पुढे वाचायला लागताना हेच कामाला येतं. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी असेल तर दोन्हींत विचारतो, नाहीतर ज्याला सगळं येतं त्याच्या नावापुढे “येत नाही” लागतं. आणि हो, मूल सारखं “काय?” विचारत असेल किंवा सूचना अर्धवट ऐकत असेल तर आमच्याआधी कान तपासून घ्या असं सांगतो. सर्दीने कानात पाणी साचलं की ऐकू कमी येतं आणि ते आज असतं, पुढच्या महिन्यात नसतं.

सगळ्यात धमाल खेळ म्हणजे उलटा खेळ. ताई म्हणते डोक्याला हात लाव, तर पायाला लावायचा, पाय म्हटलं तर डोक्याला. हसून हसून पोट दुखतं पण त्यात मूल स्वतःला आवरतं का, सूचना लक्षात ठेवतं का हे दिसून जातं, आणि वर्गात बसायचं तर तेच हवं.

रिपोर्ट हा मात्र आमच्या डोक्याला कायमचा ताप. लोकांना पर्सेंट हवे असतात. आम्ही फक्त तीन रकाने देतो, येतं, मदतीने येतं, अजून नाही, आणि प्रत्येक “अजून नाही” समोर घरी खेळायचा एक खेळ. एका शाळेने तर कोणाला घेऊ नये त्याची यादी मागितली होती, मोठं काम होतं पण आम्ही नाही म्हटलं. कारण या वयातल्या चाचणीवर एवढं ओझं टाकताच येत नाही. ला पारो आणि पियान्टा या संशोधकांनी २००० मध्ये ७० अभ्यास एकत्र करून बघितलं, तर केजीआधीच्या किंवा केजीतल्या अशा चाचण्यांवरून पुढच्या एक-दोन वर्षांत मुलामुलांच्या अभ्यासात जो फरक दिसतो तो जेमतेम पाव भाग समजतो, वागण्याबाबत तर त्याहून खूप कमी. उरलेला पाऊण भाग टीचर, घर, तब्येत, आणि मूल किती वाढलं त्यावर. दुसरीकडे डंकन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सहा मोठ्या अभ्यासांचे आकडे तपासले त्यात शाळेत येताना असलेली गणिताची जाण पुढच्या अभ्यासाशी सगळ्यात घट्ट जोडलेली निघाली, म्हणून आम्ही ठोकळे सोडत नाही. पण तोही लाखभर मुलांचा नसला तरी हजारोंचा हिशोब आहे, तुमच्या एका पिंटूचा नाही.

वयाचंही तसंच. एकाच वर्गात सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मुलात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं, आणि पाच वर्षांच्या मुलासाठी वर्ष म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा. साधारण तिसऱ्या वर्षी बघून गोल काढायला जमतो, चौथ्याच्या आसपास अधिकची खूण, त्रिकोण पाचव्याच्या आगेमागे. म्हणून रिपोर्टवर वय महिन्यांत लिहितो, आणि टीचरनाही तोच आकडा आधी वाचायला सांगतो.

हळूहळू टीचरच पालकांना आमच्याकडे पाठवायला लागल्या, जाहिरात फारशी लागली नाही. आता आम्ही टीचरना हे खेळ शिकवतो, म्हणजे वर्गात त्या स्वतःच बघू शकतील, बाहेरच्या माणसासमोर मूल बिथरतं तसं तिथे होत नाही. आमचा धंदा त्याने कमी होईल असं एकीने हसत विचारलं, तर अजून तरी उलटंच झालंय.

यायचं असेल तर मूल झोपून-खाऊन ताजं असेल ती वेळ घ्या. तयारी करून घेऊ नका, “ताईकडे खेळायला जायचंय” एवढं पुरे. एका भेटीत आम्ही काहीच ठरवत नाही, दुसरी भेट वेगळ्या दिवशी होतेच, त्यामुळे पहिल्या दिवशी ते तुमच्या मांडीवरून उतरलंच नाही तरी चालतं, तेवढं फक्त घरी जाताना त्याला रागावू नका.