दिग्दर्शकाने दिग्दर्शकाला विचारलेले प्रश्न

ऑगस्टच्या अखेरीस व्हेनिसचा महोत्सव सुरू झाला की माझ्या फोनमधील पॉडकास्टांची यादी भराभर वाढू लागते. त्यामागोमाग टेल्युराइड, टोरांटो आणि न्यूयॉर्क येथील महोत्सव, जानेवारीत गोल्डन ग्लोब, त्यानंतर निरनिराळ्या गिल्डांचे, म्हणजे चित्रपट व्यावसायिकांच्या संघटनांचे, पुरस्कार, लंडनचा बाफ्टा आणि मार्चच्या सुमारास ऑस्कर, असा हा सहा महिन्यांहून लांबणारा पुरस्कारांचा हंगाम असतो. कोणाला काय मिळाले हे सोहळा संपताच बातम्यांत वाचता येते. तेवढ्यासाठी सहा महिने कान देण्याची गरज नाही. तरीही मी दरवर्षी हा हंगाम मन लावून ऐकते, कारण मतांसाठी का होईना, एरवी फारसे न बोलणारे दिग्दर्शक या काळात आपल्या कामाबद्दल तासन् तास बोलतात, आणि चित्रपट कसा घडतो हे समजून घेण्याची अशी संधी माझ्यासारख्या केवळ प्रेक्षक असलेल्या व्यक्तीला दुसरीकडे क्वचितच मिळते.

शर्यतीचे पॉडकास्ट आधी हातावेगळे करते. ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाचा ‘लिटल गोल्ड मेन’ हा त्यांतला प्रसिद्ध. कोणाचे पारडे जड आहे, कोणत्या कंपनीने प्रचाराचा जोर कोठे लावला आहे, याची चर्चा त्यात चालते. ती मी पूर्वी आवडीने ऐकत असे, आता थोडीच ऐकते. पण त्यातून मतदानाची पद्धत मात्र नीट कळली, हे मान्य करायला हवे. ऑस्कर देणाऱ्या अकादमीत दिग्दर्शकांची नामांकने फक्त दिग्दर्शक सदस्यांची शाखा ठरवते आणि अंतिम मतदान अकादमीचे सर्व सदस्य करतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मोजणी तर आपल्या विधान परिषदेच्या निवडणुकीसारखी पसंतीक्रमाने होते: दहा चित्रपटांना क्रम द्यायचा, कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर सर्वांत खालचा चित्रपट बाद करायचा आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या चित्रपटाकडे वळवायच्या. त्यामुळे थोड्यांना अतिशय आवडलेल्या चित्रपटापेक्षा बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर आवडलेला चित्रपट पुढे निघू शकतो. २०२५ मध्ये अकादमीने आणखी एक नियम जाहीर केला, की ज्या विभागात अंतिम मत द्यायचे त्यातील सर्व नामांकित चित्रपट सदस्याने पाहिलेले असले पाहिजेत. हा नियम इतक्या उशिरा करावा लागला, यावरून आधी काय चालत असेल याचा अंदाज येतो.

‘हॉलिवूड रिपोर्टर’चे स्कॉट फाइनबर्ग हे भाकितांसाठी ओळखले जात असले, तरी त्यांचा ‘अवॉर्ड्स चॅटर’ मला वेगळ्या कारणासाठी आवडतो. पाहुणा कितीही मोठा असो, ते सुरुवातीला एकच विचारतात: तुमचा जन्म कोठे झाला, बालपण कोठे गेले आणि आईवडील उपजीविकेसाठी काय करत असत? या साध्या प्रश्नाने पाहुणा पाठ केलेल्या उत्तरांतून बाहेर येतो.

माझे खरे प्रेम मात्र डायरेक्टर्स गिल्ड ऑफ अमेरिकेच्या ‘द डायरेक्टर्स कट’ या पॉडकास्टावर आहे. ही दिग्दर्शकांची संघटना १९३६ मध्ये स्थापन झाली आणि किंग व्हिडॉर तिचे पहिले अध्यक्ष होते. तिचा वार्षिक पुरस्कार १९४८ पासून दिला जातो, आणि तो मिळालेल्या दिग्दर्शकाला ऑस्कर न मिळण्याचे प्रसंग २०२५ पर्यंत अवघे आठ आहेत. त्यांतला अलीकडचा २०२० चा, जेव्हा गिल्डने सॅम मेंडिस यांना निवडले आणि ऑस्कर बाँग जून-हो यांना मिळाले. म्हणून शर्यतीची मंडळी गिल्डकडे डोळे लावून बसलेली असतात. पण या पॉडकास्टाला शर्यतीशी काही देणेघेणे नाही. गिल्डच्या सदस्यांसाठी नव्या चित्रपटाचा खेळ होतो, दिवे लागतात, आणि त्याच मंचावर त्या चित्रपटाचा दिग्दर्शक आणि त्याला प्रश्न विचारणारा दुसरा दिग्दर्शक असे दोघे बसतात. समोरचा श्रोतृवर्गही त्याच व्यवसायातला असतो, कारण दिग्दर्शकांबरोबर सहायक दिग्दर्शक आणि युनिट सांभाळणारे व्यवस्थापकही या गिल्डचे सदस्य असतात.

या एका गोष्टीने संभाषणाची पातळी बदलते. पत्रकार विचारतो, ‘ही कथा तुम्हाला का सांगावीशी वाटली?’ दिग्दर्शक विचारतो, ‘त्या प्रसंगात पाऊस खरा होता का, आणि नसेल तर पाण्याच्या आवाजात संवाद कसे ध्वनिमुद्रित केले?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक दिग्दर्शकाकडे तयार असते. दुसऱ्याचे उत्तर देताना त्याला तो दिवस, ती जागा आणि ती अडचण आठवावी लागते, आणि आठवताना आवाज बदलतो. कानाने ऐकण्याच्या माध्यमात हा बदल स्पष्ट कळतो, छापील मुलाखतीत तो हरवतो.

रॅमेल रॉस यांच्या ‘निकल बॉईज’चे उदाहरण घेऊ. हा चित्रपट दोन मुलांच्या डोळ्यांतून दिसतो, म्हणजे कॅमेरा हाच त्या मुलाची नजर असतो. असे सांगितले की कल्पना कळते, पण कामाचा डोंगर कळत नाही. अभिनेत्याला आयुष्यभर शिकवलेले असते की भिंगाकडे पाहायचे नाही. इथे त्याने भिंगाकडेच पाहून बोलायचे, कारण भिंग हाच त्याचा मित्र किंवा नातू आहे. आजी नातवाला मिठी मारते तेव्हा ऑन्जान्यू एलिस-टेलर यांना कॅमेरा सांभाळणाऱ्या माणसाला कवेत घ्यावे लागते आणि तरीही माया खरी दिसावी लागते. ज्याच्या नजरेतून दिसते त्या पात्राचा चेहरा, त्याची प्रतिक्रिया दाखवण्याची नेहमीची सोय उरत नाही, त्यामुळे संकलनाच्या टेबलावर दिग्दर्शकाच्या हातातले एक मोठे शस्त्र गेलेले असते. असल्या गोष्टी दुसरा दिग्दर्शक लगेच ओळखतो, कारण त्याने ते शस्त्र रोज वापरलेले असते. जोनाथन ग्लेझर यांनी ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’साठी घरात अनेक कॅमेरे बसवून, चमूला सेटबाहेर ठेवून नटांना मोकळे सोडले, हे समजल्यावर मी तो चित्रपट पुन्हा पाहिला आणि स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात जाणारी माणसे मला निराळीच दिसली.

गिल्डचा आणखी एक कार्यक्रम पुरस्काराच्या दिवशी सकाळी होतो. नामांकन मिळालेले पाचही दिग्दर्शक एका रांगेत बसतात आणि जेरेमी केगन, जे स्वतः दिग्दर्शक आहेत, चित्रपट घडण्याच्या क्रमानेच त्यांना प्रश्न विचारतात: संहिता, पात्रनिवड, तालमी, चित्रीकरण, संकलन. एका टप्प्यावर पाचही जणांची उत्तरे ऐकायची आणि मग पुढे जायचे. २०२५ च्या फेब्रुवारीतले पाच जण पाहा. आपल्या चित्रपटाचे संकलन स्वतःच करणारे शॉन बेकर. फ्रेंच असून स्पॅनिश भाषेत संगीतिका करणारे जाक ओदियार. एक कोटी डॉलरांहून कमी खर्चात, मध्यंतरासह साडेतीन तासांचा चित्रपट जुन्या व्हिस्टाव्हिजन पद्धतीने चित्रित करणारे ब्रेडी कॉर्बे. आणि त्यांच्या शेजारी जेम्स मॅनगोल्ड व एडवर्ड बर्गर. इतक्या भिन्न रीतींनी काम करणारी माणसे एकाच प्रश्नापुढे आली की दिग्दर्शनाचा एकच योग्य मार्ग असतो हा समज गळून पडतो. चित्रपटाच्या विद्यार्थ्यांनी दुसरे काही ऐकले नाही तरी हे अवश्य ऐकावे.

या हंगामाची दुसरी बाजूही पॉडकास्टातूनच बाहेर आली. २०२५ च्या फेब्रुवारीत ब्रेडी कॉर्बे मार्क मॅरन यांच्या ‘डब्ल्यूटीएफ’वर आले आणि त्यांनी सांगितले की आपल्या मागच्या दोन चित्रपटांतून त्यांना काहीही मिळालेले नाही, अनेक वर्षांनी पहिली कमाई झाली ती पोर्तुगालमध्ये केलेल्या जाहिरातींतून, आणि त्या वर्षी नामांकन मिळालेल्या चित्रपटांच्या कित्येक दिग्दर्शकांना घरभाडे भरणेही जड जात आहे. मुलाखती देत महिनोन् महिने फिरायचे, त्याचे मानधन नाही, आणि त्या काळात दुसरे काम हाती घेता येत नाही. दहा ऑस्कर नामांकने मिळवलेल्या चित्रपटाचा दिग्दर्शक हे बोलत होता. ते ऐकल्यापासून या सर्व संभाषणांकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहते. मला जे घरबसल्या फुकट मिळते, त्याची किंमत समोरचा माणूस आपल्या वेळेने आणि बिनपगारी मेहनतीने चुकवत असतो. या व्यवस्थेत प्रचाराचा खर्च करणाऱ्या कंपन्यांनी दिग्दर्शकाच्या या महिन्यांचा मोबदला द्यायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

थकव्याचा परिणाम ऐकू येतो. जानेवारीपर्यंत तोच किस्सा, तोच विराम, तेच हसू तीन-चार ठिकाणी भेटते. म्हणून माझा सल्ला असा, की सप्टेंबर-ऑक्टोबरमधले भाग आधी ऐकावेत. तेव्हा दिग्दर्शकाला स्वतःच्या चित्रपटाबद्दल नेमके काय म्हणायचे हे अजून ठरलेले नसते, आणि तो बोलता बोलता विचार करत असतो. किंवा मग ज्यांचा पुरस्कारांशी थेट संबंध नाही असे पॉडकास्ट ऐकावेत. छायाचित्रकार रॉजर डीकिन्स आणि त्यांच्या पत्नी जेम्स एलिस डीकिन्स यांनी २०२० मध्ये सुरू केलेला ‘टीम डीकिन्स’ त्यासाठी उत्तम आहे. डीकिन्स यांना चौदाव्या नामांकनाला पहिले ऑस्कर मिळाले. अशा माणसाला शर्यतीबद्दल बोलण्याची घाई नसते.

आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचा हंगाम २०२४-२५ चा होता. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला, दिग्दर्शनासाठी गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले, आणि गिल्डच्या पहिल्या कथापटासाठीच्या पुरस्काराच्या यादीतही त्यांचे नाव आले. तो पुरस्कार वर उल्लेख केलेल्या रॅमेल रॉस यांना मिळाला. मुंबईतल्या रुग्णालयातील परिचारिका, छाया कदम यांनी उभी केलेली पार्वती, कागदपत्रांअभावी तिच्या हातून जाणारी खोली आणि रत्नागिरीकडचे तिचे गाव, हे सारे त्या महिन्यांत परक्या देशातल्या श्रोत्यांसमोर चर्चेला आले. मुंबईच्या पावसाबद्दल आणि लोकलच्या आवाजाबद्दल एक दिग्दर्शिका परक्यांना समजावून सांगत आहे, हे ऐकताना मला मनापासून आनंद झाला.

ऑस्करच्या वाटेचे मराठीला नवल नाही. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ मध्ये भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला तेव्हा अमेरिकेतील प्रचारासाठी पैसे नव्हते आणि महाराष्ट्रातल्या सामान्य माणसांनी वर्गणी काढली. पुढे २००९ मध्ये परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ गेला. राष्ट्रीय पुरस्कार आहेत, राज्य शासनाचे पुरस्कार आहेत, पुण्याच्या ‘पिफ’ आणि गोव्याच्या ‘इफ्फी’ या चित्रपट महोत्सवांत दिग्दर्शक प्रेक्षकांशी बोलतात. पण पुढच्या खेळाची वेळ झालेली असते, ध्वनिक्षेपक हातोहात फिरतो, आणि दोन-तीन प्रश्नांत ते आटोपते. मराठीत गप्पांचे पॉडकास्ट आता पुष्कळ आहेत आणि त्यांवर दिग्दर्शकही येतात, मात्र तेथे बहुधा जीवनप्रवास ऐकायला मिळतो. एका दिग्दर्शकाने दुसऱ्याचा चित्रपट पाहून, टिपणे काढून, एकाच चित्रपटावर तासभर प्रश्न विचारावेत, आणि ते ध्वनिमुद्रित होऊन सर्वांसाठी उपलब्ध राहावे, ही सवय आपल्याकडे रुजलेली नाही. सुमित्रा भावे २०२१ मध्ये गेल्या. त्या आणि सुनील सुकथनकर या दोघांनी मिळून वर्षानुवर्षे दिग्दर्शन केले. सेटवर मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, नटाशी बोलायचे कोणी, हे एखाद्या तरुण दिग्दर्शकाने त्यांना एकत्र बसवून विचारायला हवे होते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक शांत खोली, दोन चांगले मायक्रोफोन आणि चित्रपट बारकाईने पाहिलेला प्रश्नकर्ता पुरे. एखाद्या फिल्म सोसायटीने मनावर घेतले तर वर्षाला दहा-बारा संभाषणे सहज होतील. सुरुवात कोणापासून करावी असे मला विचारले, तर मी नागराज मंजुळे आणि चैतन्य ताम्हाणे यांची नावे सांगेन. दोघांनीही कॅमेऱ्यापुढे कधी न आलेल्या माणसांवर आपले चित्रपट उभे केले. ‘फँड्री’तल्या सोमनाथ अवघडेकडून आणि ‘कोर्ट’मधल्या वीरा साथीदार यांच्याकडून ते काम कसे मिळाले, तालमी किती झाल्या, संवाद आधी हातात दिले होते की ऐन वेळी सांगितले, आणि एखादा टेक चांगला झाला हे त्यांना कळू दिले का, हे या दोघांनी एकमेकांना विचारलेले मला ऐकायचे आहे.