संख्याशास्त्र मेजर, संस्कृत मायनर आणि ॲडमिशनची खिडकी

अकरावी-बारावीला सायन्स असूनही मी दुसरी भाषा संस्कृत ठेवली होती. संख्याशास्त्रही तितकंच आवडायचं. घरात व्हायची ती चर्चा झाली, ती इथे उगाळत नाही. पदवीला मेजर म्हणजे मुख्य विषय संख्याशास्त्र, मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय संस्कृत, असं ठरलं. डोकं फिरलं ते कॉलेजच्या खिडकीवर.

ऑनलाइन फॉर्मात मेजरला संख्याशास्त्र टाकलं की मायनरच्या यादीत गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र एवढंच यायचं. खिडकीतल्या मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "सायन्सच्या मुलांना संस्कृत नसतं."

"पण मॅडम, नियमात आहे."

"सिस्टीम घेत नाही."

सिस्टीममध्ये विषय कोण भरतं, असं विचारलं तर "ऑफिस." म्हणजे त्याच! मग संस्कृत विभागप्रमुखांची सही आणायला सांगितली. सरांनी हसत हसत दिली. सही घेऊन आले तर आता उपप्राचार्यांचीही हवी. उपप्राचार्य मीटिंगमध्ये, तोवर खिडकीवर जेवणाच्या सुट्टीची पाटी. वर फुकटचा सल्ला, "ओपन इलेक्टिव्ह म्हणून घे ना बाळा, एकच आहे."

एकच नाही, आणि हे नीट समजून घ्या. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतलं घ्यावंच लागतं, पण त्यात त्या विषयाची तोंडओळख होते. मायनर 18 ते 20 क्रेडिटचा असतो. तो दुसऱ्या विद्याशाखेतूनही घेता येतो, असं 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयात स्पष्ट लिहिलंय. मी त्या पानाची प्रिंट काढली, ओळीवर पिवळा हायलायटर मारला आणि उपप्राचार्यांच्या दाराशी ठाण मांडलं. तोंडी वाद घालू नका, कागद पुढे करा.

त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "संख्याशास्त्र आणि संस्कृत? संबंध काय?"

फॉर्मच्या मागेच लिहून दाखवलं. लघु (ल) म्हणजे एक मात्रा, गुरू (ग) म्हणजे दोन. चार मात्रांची जागा किती प्रकारे भरता येते? लललल, गलल, लगल, ललग, गग. पाच. पाच मात्रांची आठ प्रकारे, सहांची तेरा. 5, 8, 13 ही मालिका इटलीच्या फिबोनाची या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते, त्याचं पुस्तक 1202 चं. आपल्याकडच्या हेमचंद्र या जैन पंडिताने हा हिशेब छंदांसाठी त्याआधीच मांडला होता. उपप्राचार्यांनी तो फॉर्म पुढच्या मुलालाही दाखवला, याचा मला अजून अभिमान आहे. मग त्यांनी ऑपरेटरला फोन केला आणि यादीत संस्कृत आलं. इतक्या दिवसांची "सिस्टीम" ती एवढीच.

हो, एबीसी आयडी (ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे तुमचे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) आधीच काढून ठेवा, आमच्याकडे त्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता.

दोन पूर्ण पदव्यांचाही विचार केला होता. यूजीसीने 2022 पासून परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात करायच्या तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. पण मी चौकशी केली तिथे दुसऱ्या प्रवेशालाही मूळ दाखलाच मागत होते आणि तो पहिल्या कॉलेजात जमा. पुन्हा एक खिडकी नको म्हणून सोडून दिलं.

फी भरण्याआधी दोन्ही विभागांचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. माझं मंगळवारचं प्रॅक्टिकल संस्कृतच्या तासावर येत होतं. बॅच बदलून मिळाली, कारण मी पहिल्याच आठवड्यात मागितली. उशिरा आलेल्या मुलीला नाही मिळाली.