एका दिवसाची वीज

नेपाळची वीज भारताच्या पारेषण वाहिन्यांवरून बांगलादेशात पहिल्यांदा गेली ती १५ नोव्हेंबर २०२४ रोजी, आणि गेली तीही त्या एकाच दिवसापुरती. बिघाड कोणताच झाला नव्हता. नेपाळ विद्युत प्राधिकरण, बांगलादेश वीज विकास मंडळ आणि भारताची एनटीपीसी विद्युत व्यापार निगम यांनी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूत केलेल्या करारानुसार ४० मेगावॅट वीज दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढ्याच काळात द्यायची होती. सह्या आणि परवानग्या होईपर्यंत तो हंगाम सरला, आणि उरला तो शेवटचा दिवस तेवढा साजरा झाला. नियमित पुरवठ्याला २०२५चा जून उजाडला.

आपल्या कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. म्हणजे हा सारा व्यवहार कोयनेच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याचा. तरीही मला तो महत्त्वाचा वाटतो. नेपाळचे बहुतेक जलविद्युत प्रकल्प नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात. कुलेखानीसारखा साठवणीचा जलाशय अपवादानेच आढळतो. त्यामुळे पावसाळ्यात तिथे वीज उरते आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की तोच देश भारताकडून वीज विकत घेतो. बांगलादेशाचे उलट आहे. सपाट भूमीमुळे तिथे जलविद्युत जवळजवळ नाही, सौर प्रकल्पांसाठी मोकळी जमीन मिळणे कठीण, वीज मुख्यतः वायू व आयात इंधनावर होते, आणि विजेची मागणी उन्हाळ्या-पावसाळ्यात चढून थंडीत उतरते. भारताकडे दुपारी सौर वीज भरपूर असते, पण सूर्य मावळल्यावर वाढणारी मागणी भागवायला धरणाचे किंवा नदीचे पाणी उपयोगी पडते. तिघांच्या गरजा इतक्या नेमक्या वेळी एकमेकींना पूरक ठरतात की हा व्यवहार फार पूर्वीच व्हायला हवा होता.

सिलिगुडीजवळ नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये भारताची जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरची पट्टी आहे, पण ही वीज त्या पट्टीवरून जात नाही. नेपाळमधील ढालकेबरहून ४०० केव्हीच्या (किलोव्होल्ट) वाहिनीने ती बिहारमधील मुजफ्फरपूरला येते आणि तिथल्या मीटरवर युनिटला ६.४० अमेरिकी सेंट या दराने तिचा हिशेब होतो. त्यानंतर पश्चिम बंगालमधील बहरामपूरहून तेवढीच वीज बांगलादेशातील भेडामारा येथे पोहोचवली जाते. बांगलादेशाचे ग्रिड भारताशी एका लयीत जोडलेले नसल्यामुळे भेडामाऱ्याच्या केंद्रात प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाचा आधी एकदिश (डीसी) प्रवाह करतात आणि लगेच पुन्हा प्रत्यावर्ती. एकीकडची वारंवारिता, म्हणजे प्रवाहाची ही लय, कोलमडली तरी तिचा धक्का दुसरीकडे जात नाही. याच जातीचे केंद्र आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आहे. पश्चिमेचे आणि दक्षिणेचे ग्रिड वेगळ्या लयीत चालत असताना त्यांच्यातली देवाणघेवाण तिथून होई. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि त्यानंतरच साऱ्या देशाचे ग्रिड एका वारंवारितेवर आले. स्वतंत्र भारतातल्या राज्यांना एकमेकांशी जुळायला एवढा काळ लागला, हे शेजाऱ्यांच्या दिरंगाईवर बोट ठेवताना आपण विसरतो.

भूतानशी मात्र हे फार लवकर जमले. ३३६ मेगावॅटचा चुखा प्रकल्प १९८०च्या दशकात भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन उभारला आणि भूतानची गरज भागून उरलेली वीज आपणच घेतली. पुढे १०२० मेगावॅटचा ताला आणि २०१९मध्ये ७२० मेगावॅटचा मांगदेछू आला. या यशाचे गोडवे गाताना पुनात्सांगछू-१ प्रकल्पाकडेही पाहायला हवे. तिथे उजव्या तीरावरचा डोंगर खचू लागल्याने काम वर्षानुवर्षे रखडले आणि खर्चाचा बोजा वाढत गेला. हिमालयातली जलविद्युत स्वच्छ असेल, पण स्वस्त आणि निर्धोक असतेच असे नाही. सप्टेंबर २०२४च्या पुराने नेपाळच्या अनेक प्रकल्पांचीही नासधूस केली.

काठमांडूतल्या शिखर परिषदेत २०१४मध्ये सार्कच्या सदस्य देशांनी वीज सहकार्याचा करार केला होता. तो कागदावर आहे. प्रत्यक्षात जे घडले ते मुख्यतः दोघादोघांच्या करारांतून घडले, आणि त्यांतल्या बहुतेकांत एक बाजू भारताची आहे. साहजिकच किल्ली दिल्लीच्या हाती राहते. सीमेपलीकडच्या वीजव्यापाराची २०१६ची भारताची नियमावली नेपाळ-भूतानला जाचक वाटली. ती २०१८मध्ये सैल झाली आणि तिसऱ्या देशाला वीज नेण्याची वाट मोकळी झाली. नेपाळ २०२१पासून भारताच्या वीजबाजारात खरेदी-विक्रीही करू लागला. तरी चिनी सहभाग असलेल्या प्रकल्पाची वीज आपण घेत नाही. मालकी चिनी असेल तर ही सावधगिरी मला पटते. परंतु ४५६ मेगावॅटचा अप्पर तामाकोशी नेपाळने स्वतःच्या पैशांतून उभारला. त्याच्या बांधकामात चिनी कंत्राटदार होता एवढ्यावरून त्याची वीज वर्षानुवर्षे अडवून धरणे हे मला सुरक्षेपेक्षा हट्टाचे वाटते.

जानेवारी २०२४मध्ये भारताने दहा वर्षांत नेपाळकडून १०,००० मेगावॅट घेण्याचा करार केला आहे. एवढे प्रकल्प उभे राहायचे तर बँकांची दीर्घ मुदतीची कर्जे लागतील, आणि बँक पहिला प्रश्न विचारणार तो खात्रीच्या गिऱ्हाइकाचा. बाजारात वीज विकण्याची आजची परवानगी प्रकल्पागणिक आणि ठरावीक मुदतीची असते. ती संपली की नूतनीकरण होईपर्यंत पावसाळ्यातले पाणी वीज न करताच सोडून द्यावे लागते. प्रकल्पाला एकदा मान्यता दिली की ती कर्ज फिटेपर्यंत टिकेल, एवढी दुरुस्ती नियमात करायला नवी वाहिनी टाकावी लागत नाही.