दुसऱ्या वेलांटीतला 'क'

मागच्या नोंदीत '*क्विक्वाझ'ची व्युत्पत्ती लावून संपली असं छातीठोक लिहिलं होतं. (हा इंग्रजी 'क्विक'चा जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातला, पूर्वज; तारा म्हणजे रूप लिखित सापडलेलं नाही, तर्काने मांडलेलं.) शब्द गिळतोय. अर्थ 'जिवंत', आपल्या 'जीव'चं आणि लॅटिन 'वीवुस'चं सख्खं भावंड. ग्रिमच्या नियमाने (मूळ भारत-युरोपीय भाषेतली व्यंजनं जर्मॅनिकमध्ये ठरावीक रीतीने बदलतात) सुरुवातीच्या 'ग्व'चा 'क्व' झाला, इथवर ठीक. पण मधला दुसरा 'क' आला कुठून? 'जीव'मध्ये तो नाही, 'वीवुस'मध्येही नाही. मी प्रत्यय म्हणून डकवून मोकळा झालो होतो.

गॉथिकचा (तीही एक जुनी जर्मॅनिक भाषा) रकाना भरायला घेतला आणि पंचाईत झाली. जुनी इंग्रजी 'क्विक', जुनी नॉर्स 'क्विकर', जुनी हाय जर्मन 'क्वेक'. आणि गॉथिक? 'क्विउस'. 'क' गायब! दोन आठवडे तक्ता तसाच पडून.

उत्तर कौगिलच्या नियमात निघालं: स्वनंत (न, म, र, ल किंवा 'इ'सारखा ध्वनी) आणि 'व' यांच्यामध्ये सापडलेल्या तिसऱ्या लॅरिंजिअलचा जर्मॅनिकमध्ये 'क' होतो. (लॅरिंजिअल म्हणजे मूळ भाषेत होते असे मानलेले, पुढे लोपलेले घशातले ध्वनी.) संस्कृतात तोच लॅरिंजिअल 'इ'ला दीर्घ करून विरघळला. म्हणजे 'जीव'ची दुसरी वेलांटी आणि इंग्रजी 'क्विक'मधला शेवटचा 'क' एकाच ध्वनीचे अवशेष! (आणि शुद्धलेखनाचे नियम 'जिवंत'मध्ये ती पहिली करायला लावतात. चालायचंच.)

नियम सगळ्यांना मान्य नाही, उदाहरणं मोजकीच. पण दुसरं उदाहरण जुन्या इंग्रजीतलं 'उंक', म्हणजे 'आम्हा दोघांना'. 'सह नाववतु'तला 'नौ' त्याच कुळातला. गॉथिकमध्येही 'उंकिस', तिथे 'क' शाबूत! मग 'क्विउस'मध्येच का गळला? शब्दाच्या सुरुवातीला आधीच एक 'क्व' बसलेला, एकासारखे दोन नकोत म्हणून दुसरा झडला. विषमीकरण. मला हे पटतं.

वंशवृक्षाचं ॲप मात्र काढून टाकलं. त्यात गळलेला ध्वनी दाखवायची सोयच नाही. आलेखाची वही आणि दोन रंगांची पेनं बरी.

बाकी शाखा पटापट लागल्या. जर्मन 'केक' आता 'आगाऊ, धीट'. इंग्रजीत 'जिवंत'वरून 'चपळ', मग 'जलद'. पारा म्हणजे 'जिवंत चांदी', लॅटिनवरून उचललेली कल्पना.

पुढची नोंद '*लांगाझ' या शब्दावर ठरली होती. पण काल नखं काढताना कटर खोल गेला, जिव्हाळी लागली, आणि इंग्रजीत त्या जागेलाही 'क्विक'च म्हणतात हे आठवलं. '*लांगाझ' थांबेल. आधी जिव्हाळी.