शेवटचं सेमिस्टर पुण्यात आणि एनओसी सोलापुरात

सोलापूरच्या कॉलेजात शिकत असताना आठवं सेमिस्टर पुण्याच्या कंपनीत इंटर्नशिप करत काढायचं, तर मुलाखत हा त्यातला सोपा भाग. ऑनलाइन टेस्ट, दोन फेऱ्या, मेल, झालं. वेळ खाते ती कॉलेजची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र. माझे त्यात बावीस दिवस गेले. निम्म्याहून जास्त फुकट गेले, याचा राग अजून आहे, म्हणून आधी तेच लिहितो.

गाठ अशी पडते. कॉलेज म्हणतं, ऑफर लेटर आणा, मग एनओसी. कंपनीचा एचआर म्हणतो, एनओसी आली की ऑफर लेटर. आपण मधल्या मध्ये. कॉलेजला हजेरी कशाच्या आधारावर माफ केली त्याचा कागद फाइलला लागतो, आणि कंपनीला मुलगा मार्चमध्ये लेक्चरसाठी निघून जाणार नाही याची खात्री हवी असते. दोघांपैकी एकाने आधी हलावं लागतं, आणि कंपनीला हलवणं सोपं जातं. एचआरकडे ऑफर लेटर मागू नका, निवडीचं पत्र मागा. एका पानात तुमचं नाव, विभाग, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, स्टायपेंड, आणि 'महाविद्यालयाची एनओसी मिळाल्यावर ऑफर लेटर देण्यात येईल' हे वाक्य. बहुतेक कंपन्या हे दोन दिवसांत देतात. ते कंपनीच्या मेलवरून थेट टीपीओंच्या, म्हणजे कॉलेजच्या ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकाऱ्यांच्या, मेलवर जाऊ द्या, तुम्ही सीसीमध्ये राहा. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट घेऊन टेबलासमोर उभं राहिलात तर 'प्रिंट आणा', मग 'शिक्का कुठंय', अशा दोन चकरा ठरलेल्या.

पुढची अडचण छापील नमुन्याची. कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर जो नमुना असतो तो बहुधा उन्हाळी ट्रेनिंगचा, चार-सहा आठवड्यांचा. त्यात फक्त नाव बदलून पत्र दिलं जातं आणि पुण्याहून ते परत येतं. माझं दोनदा परत आलं. एकदा 'सुटीच्या कालावधीत' हे शब्द राहून गेले म्हणून, एकदा शेवटची तारीख मेची होती म्हणून. कंपनीला पूर्ण सहा महिने हवे असतात, सेमिस्टर मात्र त्याआधी संपतं. दर वेळी सह्यांची फेरी पहिल्यापासून.

म्हणून मसुदा स्वतः टाइप करा, आधी एचआरला मेलवर दाखवून घ्या, मगच सहीला न्या. त्यात काय हवं? मार्कशीटवर जसं आहे तसं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक. 'पूर्ण वेळ' हे शब्द. दोन्ही तारखा, त्याही कंपनीच्या पत्राशी तंतोतंत जुळणाऱ्या. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि त्याला क्रेडिट आहेत, हे वाक्य. कॉलेजमधल्या गाइडचं नाव आणि मेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'अंतर्गत मूल्यमापन, परीक्षा आणि व्हायव्हाच्या दिवशी विद्यार्थ्यास उपस्थित राहण्याची परवानगी द्यावी.' ही ओळ नसेल तर मेमध्ये व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, सुटीसाठी मॅनेजरच्या मागे लागावं लागतं. ती असेल तर पत्र दाखवून विषय संपतो.

सह्यांचा क्रम चुकवू नका. विभागाचे इंटर्नशिप कोऑर्डिनेटर, मग एचओडी (विभागप्रमुख), मग टीपीओ, शेवटी प्राचार्य. टीपीओंकडे आधी गेलात तर ते एचओडींकडे पाठवणार. प्राचार्यांच्या सहीआधी अकाउंट विभागात फीची थकबाकी बघतात. शिष्यवृत्तीची रक्कम सरकारकडून यायची असली तरी संगणकावर ती बाकी म्हणूनच दिसते, तेव्हा महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या, अर्जाची प्रिंट जवळ ठेवा. सही झाली की काम संपलं असं समजून निघू नका. जावक क्रमांक टाकून घ्या. एचआरकडून पडताळणीचा फोन येतो तेव्हा क्लार्क जावक रजिस्टर उघडतो. नोंद नसेल तर 'असं पत्र आमच्याकडून गेलेलं नाही' असं सरळ सांगून टाकतो, आणि कंपनीला वाटतं पत्रच बनावट आहे.

आणि हे सगळं डिसेंबरात करा, सातव्या सेमिस्टरची परीक्षा चालू असली तरी. पेपर सुटल्यावर कार्यालय उघडं असतं. जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांची, यात्रा. अक्षता, होम, संक्रांत या दिवसांत सोलापुरात कुठल्याच कार्यालयात सहीचा माणूस जागेवर सापडत नाही, आणि सापडावा अशी अपेक्षाही धरू नये. कंपनीची रुजू व्हायची तारीख नेमकी त्याच आठवड्यात येते.

पुण्यात गेल्यावर कॉलेजचं एखादं काम राहिलं तर किती महाग पडतं तेही बघा. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी सोलापूरहून निघते आणि संध्याकाळी पुण्याहून परतते. वंदे भारतचंही तसंच. म्हणजे पुण्याहून सकाळी येऊन काम करून रात्री परत, असं या गाड्यांनी जमत नाही. आदल्या संध्याकाळी निघा, रात्री घरी, दुसरा दिवस कॉलेजात, तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पुणे. एका सहीसाठी एक पूर्ण रजा, शिवाय एक उशीर. प्राचार्य त्या दिवशी बैठकीला गेले तर तेही वाया. निघण्याआधी फोन करून विचारा.

अभ्यासाचा भाग त्या मानाने सरळ आहे, पण एका ठिकाणी पोरं फसतात. या सेमिस्टरचे विषय एनपीटीईएलवरून, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सवरून, करायचे असतील तर कोर्सला नाव नोंदवणं फुकट असतं आणि परीक्षेची नोंदणी वेगळी असते, दर कोर्सला १००० रुपये भरून. कोर्स करत राहिलात आणि ही दुसरी नोंदणी राहिली, तर मार्क शून्य. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंटची सरासरी २५ मार्कांत धरतात, परीक्षा ७५ ची. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३०. पहिल्या चार आठवड्यांच्या असाइनमेंट अजिबात चुकवू नका. ऑफिसचं काम तेव्हा कमी असतं, नंतर वाढतं. परीक्षेच्या फॉर्ममध्ये शहर निवडताना सवयीने सोलापूर टाकू नका, त्या वेळी तुम्ही पुण्यात असता.

खोली घेताना अकरा महिन्यांच्या करारात अडकू नका. इंटर्नशिप पाच-सहा महिन्यांची, लॉक-इन, म्हणजे खोली सोडता न येण्याचा काळ, त्याहून मोठा असला तर डिपॉझिट बुडतं, आणि एजंटची दलाली वर. कॉट बेसिस, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने, बरा, एक महिन्याची नोटीस लेखी घ्या, डिपॉझिटची पावती घ्या. ऑफिस खराडी किंवा मगरपट्ट्याला असेल तर सोलापूरकराचं नशीब चांगलं. एसटीने येताना हडपसरलाच उतरता येतं. हिंजवडी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथं नोकरी असेल तर खोलीही तिकडंच बघा. हडपसरला मित्रासोबत राहून हिंजवडीला रोज जाईन म्हणणारे महिन्याभरात खोली बदलतात.

मेस लागेपर्यंत कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या. दोन्ही टिकतात, आणि रात्री उशिरा आल्यावर मेस बंद झालेली असते.

बँकेचं राहिलं, आणि हे मला फार उशिरा कळलं. स्टायपेंडसाठी कंपनी तिच्या बँकेत नवीन खातं उघडायला लावते. खातं उघडताना आधार जोडण्याचा रकाना असतो. तिथं अनुदान याच खात्यात घेण्याची संमती दिलीत, की आधारवरून येणारे सरकारी पैसे त्या नव्या बँकेकडे वळतात, कारण आधार एका वेळी एकाच बँकेशी मॅप असतो, शेवटी जिथं जोडलं तिथं. शिष्यवृत्तीच्या हप्त्यासाठी घरी वडिलांनी रोज पासबुक भरून पाहावं आणि पैसे पुण्याच्या खात्यात पडून असावेत, असं होतं. पुढे इंटर्नशिप संपल्यावर ते खातं बंद केलंत तर हप्ता अडकतो. केवायसीसाठी आधार द्या, पण त्या संमतीवर टिक करू नका. पॅन मात्र आधीच काढून ठेवा. काही कंपन्या स्टायपेंडमधून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापतात, पॅन नसेल तर २० टक्के. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरल्यावर कापलेले पैसे परत मिळतात.

इंटर्नशिप संपताना कम्प्लिशन लेटर शेवटच्या दिवशीच हातात घ्या, आणि त्यावरच्या तारखा तुमच्या एनओसीशी जुळतात का ते तिथंच उभं राहून तपासा. एका दिवसाचा फरक असला तरी व्हायव्हाच्या आधी फाइल परत येते, आणि पुन्हा तीच फेरी: कोऑर्डिनेटर, एचओडी, टीपीओ, प्राचार्य.