ग्लासगोचं नगरचिन्ह आणि अंगठी धरलेला मासा

ग्लासगो कॅथेड्रलसमोरच्या चौकात गेलात तर आधी दिव्यांच्या खांबांकडे बघा. लोखंडी खांबांवर झाड, पक्षी, घंटा आणि मासा घडवलेत. हेच या शहराचं नगरचिन्ह. जॉर्ज स्क्वेअरमधल्या सिटी चेंबर्समध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीत, शिरताना ते पायाखालच्या मोझॅकमध्येही दिसलं, आणि मग शहरभर शोधत फिरायचा मला नादच लागला.

चारही खुणा सहाव्या शतकातल्या सेंट मंगोच्या, म्हणजे ग्लासगोच्या संस्थापक संताच्या, कथांमधल्या. गुरूचा मेलेला रॉबिन पक्षी त्यानं लहानपणी जिवंत केला. मठातला अग्नी विझला, तेव्हा हेझलच्या फांदीवर प्रार्थनेनं ज्योत पेटवली. चिन्हात मात्र आता ओकचं झाड आहे. घंटा त्याला पोपनं दिली असं सांगतात. मूळ घंटा हरवली आणि 1641 मध्ये नवी करून घेतली गेली.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते माशापाशी. राणीनं राजाची अंगठी प्रियकराला दिली. राजाला सुगावा लागला. तो माणूस झोपलेला असताना त्यानं ती काढून घेतली, क्लाइड नदीत फेकली आणि राणीकडे अंगठी मागितली. नाही मिळाली तर मरण. राणी मंगोला शरण गेली. त्यानं एका साधूला गळ घेऊन नदीवर धाडलं आणि पहिल्याच सॅमनच्या पोटात अंगठी निघाली. म्हणून चिन्हातला मासा तोंडात अंगठी धरून पाठीवर उताणा पडलाय. चुकलेल्या बाईला शिक्षा न करता वाचवणारी ही गोष्ट एका शहरानं कपाळावर मिरवावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यातही हे चिन्ह अधिकृतपणे मिळालं 1866 मध्ये. तेव्हा क्लाइडकाठी जहाजबांधणी जोरात होती, तरी ढालीवर ना जहाज, ना यंत्र, ना धुराडं. बोधवाक्यातली काटछाट मात्र मला खटकली. मूळ प्रार्थना अशी की, देवा, तुझ्या वचनाच्या उपदेशानं आणि तुझ्या नामाच्या स्तुतीनं ग्लासगोची भरभराट होवो. चिन्हावर उरलं एवढंच, ‘ग्लासगोची भरभराट होवो’. भरभराट झाली खरी, पण कारखान्यांच्या सांडपाण्यानं क्लाइडमधला सॅमनच नाहीसा झाला. पाणी पुन्हा स्वच्छ होऊन तो परतायला 1980 चं दशक उजाडावं लागलं. तोवर ढालीवर मासा होता, नदीत नव्हता.

कॅथेड्रलच्या तळघरात मंगोची समाधी आहे. खांब बघून झाले की तिथेही जाच.